आण्णांच्या मागची झील

रविवार, संध्याकाळ. सोलापूर.

मंगळवेढ्याहून काका आले. त्यांचे भाऊ, म्हणजे माझे वडील आण्णा, गेल्यानंतर पहिल्यांदाच. मी हौसेनं त्यांना कॉम्प्युटरसमोर बसवलं. आण्णांची धनगरी ओवी लावली, आजारपणात मोबाईलवर घेतलेली. तेव्हा आण्णा अंथरुणावर एकटेच गायले होते, मागं झील धरायला, ओळीचा शेवट उचलून गायला, कुणी नव्हतं. जन्मभर ती काकांनी धरलेली. म्हणून मी आण्णांच्याच ओळींचे शेवट कॉपी करून मागं चिकटवले, आवाज जरा बारीक केला. मला वाटलं, आता ओवी भरून आली.

ओवी सुरू झाली तसा काकांचा हात कानावर गेला, गाताना जायचा तसाच. झील धरायची जागा आली. त्यांनी तोंड उघडलं, तर मागूनही आण्णांचाच आवाज.

"आण्णाच्या मागं आण्णाच व्हय रं? मी हाय की अजून."

मला हे सुचलं कसं नाही? एक फोन केला असता तर आले असते की.

चिकटवलेलं सगळं पुसलं. ओवी पुन्हा लावली. हात कानावर, जागा आली, पण काकांचा आवाजच फुटेना. दुसरी जागा तशीच गेली. तिसरीही.

ओवी संपली, तरी त्यांनी कानावरचा हात काढला नाही.