तुमच्या पायांचा आवाज

ता. ६ फेब्रुवारी

चि. चिंगीस,
मामाचे अ. आ.

पत्र आणि कविता मिळाली. तुझ्या हाताखाली नकाशे काढणाऱ्या मुलाने ती लिहून लग्नाचं विचारलं आणि तुझ्या आईने निकाल माझ्यावर सोपवला. बहीण शहाणी आहे. दुकानांच्या पाट्या रंगवता रंगवता छंदशास्त्र माझं मीच शिकलो. पाटीवर एक अक्षर जास्त झालं की ते भिंतीवर जातं.

छंद आठ अक्षरांचा:

किती येती, किती जाती,
कुणाचा नाही अंदाज;
दुरूनच ओळखतो
तुमच्या पायांचा आवाज.

'अंदाज', 'आवाज', पुढे 'आज', 'लाज': यमकं स्वच्छ, ओढूनताणून आणलेली नाहीत. शेवटची ओळ दर कडव्यात परत येते, जिन्यावरची पावलं जवळ यावीत तशी. तेही छान. पण मोजून बघ, त्या ओळीत नऊ अक्षरं आहेत. एकदा चुकला असता तर हात घसरला म्हटलं असतं. चारही कडव्यांत तीच चूक म्हणजे खोड. 'तुमच्या'चं 'तुझ्या' केलं की भागतं, एवढंही ज्याला दिसत नाही त्याला भाची कशी देऊ? माझा नकार कळव. नकाशे तरी नीट काढतो ना?

तब्येतीला जप. लोभ आहेच.
मामा

ता. १७ फेब्रुवारी

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

तुमचा नकार मिळाला. मी त्याला चूक दाखवली. तो म्हणाला की त्याला ती ठाऊक आहे. आधी 'तुझ्या'च लिहिलं होतं, मग खोडलं. साहेबीणबाईंना न विचारता अगंतुगं कसं करायचं? छंद मोडला तर मोडू दे, आगाऊपणा नको, असं त्याने ठरवलं. मी हो म्हटलं, तर त्या दिवशी आठ अक्षरं करणार आहे.

मामा, मला ती ओळ पाठ झाली आहे, नऊच्या नऊ अक्षरांसकट. मला हो म्हणायचं आहे. मामींना विचारा, लग्नाआधीच्या पत्रांत तुम्ही त्यांना काय म्हणत होतात. आणि मग सांगा, ही खोड की रीत?

राग नसावा, माया असावी.
चिंगी

ता. २५ फेब्रुवारी

चि. चिंगीस,
अ. आ.

मामीला विचारलं. ती अजून हसते आहे.

नकार मागे घेतला. त्यांना होकार कळव. हो, 'त्यांना', जावयासाठी एक टिंब जास्त पडलं तरी चालेल. घरात खुशाल 'तुझ्या' म्हणू देत, कवितेला मात्र हात लावायचा नाही. ती ओळ मी तुमच्या दारासाठी रंगवतो आहे. फळी आठ अक्षरांच्या मापाने कापून ठेवली होती. आज सुताराकडून लांब फळी आणली.

लोभ करावा, आता दोघांनी.
मामा