दहा चित्रांचा दाखला

सर, परवा तुमचं अक्षर पाहिलं. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, तरी ते बारीक, तिरकं, ओळीच्या शेवटी खाली घसरणारं अक्षर मी झोपेतसुद्धा ओळखीन. प्रादेशिक चित्रकारांच्या प्रदर्शनांना अनुदान देणाऱ्या त्याच समितीवर आता मी आहे. हसू नका. यंदाचे अर्ज तपासायचे म्हणून कारकुनाने जुन्या फायली काढून दिल्या, त्यात माझीच निघाली. पहिल्या वर्षाची, नामंजूर झालेली. मी आपली कौतुकाने उघडली. आत तुमचं पत्र होतं. तिथेच वाचून काढलं.

तेव्हा हिंगोली वेगळी झाली नव्हती, आपला जिल्हा परभणीच होता. शाळा सुटून चार वर्षं झाली तरी मी दर रविवारी डोंगरकड्याहून कळमनुरीला तुमच्याकडे यायचे. तुमच्या पडवीत बाज उभी केलेली, तिलाच बोर्ड टेकवलेला. मी चित्र काढतेय, तुम्ही मागे उभे आहात, आणि शेवटी तुमचं ठरलेलं वाक्य येतं, सरक, जरा हात फिरवतो. तुमचा हात फिरला की माझी मरगळलेली म्हैस उठून चालायला लागायची. ड्रॉइंगच्या सगळ्या मास्तरांची हीच रीत, परीक्षेच्या चित्रांवरसुद्धा हात फिरवायचे. त्यात काही वावगं आहे असं कुणाला वाटतच नव्हतं, मला तर मुळीच नाही. एकदा मी तुम्हाला न विचारता आभाळ निळंभोर रंगवून टाकलं, तर केवढे तापलात! "चैतात असं आभाळ कधी पाह्यलंस काय? डोळे घरी ठेवून येऊन राहिलीस का?" मी रुसून पुढच्या रविवारी आलेच नाही. त्याच्या पुढच्या रविवारी तुम्ही स्वतःचा जपून ठेवलेला बारीक ब्रश माझ्यापुढे ठेवलात आणि आत निघून गेलात. तो ब्रश अजून वापरते.

अर्जासोबत दहा चित्रं लागत होती, आणि ती अर्जदाराने स्वतः काढली आहेत असा चित्रकला शिक्षकाचा दाखला. तुम्ही माझ्यासमोर सही केलीत, शिक्का मारलात. पुडकं कापडात शिवून पोस्टात टाकायचं काम मात्र स्वतःकडे ठेवून घेतलंत. तुझी एसटी जाईल, तू नीघ म्हणालात. दोन महिन्यांनी नकार आला. तेव्हा मी काय काय बोलले! खेड्यातल्या पोरींना कोण विचारतंय, शहरातल्या लोकांचं सगळं आधीच ठरलेलं असतं, एक ना दोन. तुम्ही मान खाली घालून बशीतला चहा पीत होतात. पुढच्या साली भर, एवढंच म्हणालात. आणि त्या दिवसापासून माझ्या चित्राला बोट लावणं सोडलंत. मी गयावया केली तरी तुम्ही पेपर वाचत बसायचात. मला वाटलं, आपण यांच्या मनातून उतरलो. मग रागारागाने वर्षभर एकटीच काढत राहिले.

आता ते पत्र. तुम्ही लिहिलंय, "दाखल्यावरची माझी सही खोटी आहे. मुलीच्या तोंडावर नाही म्हणवलं नाही. दहांपैकी नऊ चित्रांवर माझा हात फिरला आहे, तरी यंदा तिला अनुदान देऊ नये. मात्र दहावं चित्र, कापूस वेचणाऱ्या पाठमोऱ्या बाईचं, मी पुडकं बांधताना पहिल्यांदा पाहिलं. त्यात माझी एक रेघ नाही. असं चित्र मला जन्मात जमलं नाही. त्या एका चित्राकडे पाहून पुढच्या वर्षी तिला संधी द्यावी. तोवर मी तिच्या कागदाला हात लावणार नाही." खाली कुणीतरी लाल शाईने शेरा मारलाय, मान्य.

मॅडम, पाणी आणू का, असं कारकून विचारतोय आणि मी त्या लाल शेऱ्याकडे बघतेय. ज्यांना इतकी वर्षं शिव्या घातल्या त्या शहरातल्या लोकांनी काहीच केलं नव्हतं. माझा अर्ज तुम्ही पाडलात. सर, तुम्ही! आधी डोक्यात तिडीक गेली. मग पत्र पुन्हा वाचलं, आणि तिडीक गेली कुठल्या कुठे, त्या दहाव्या चित्राच्या ओळीवर बोट ठेवून बसले. पुढच्या वर्षी अनुदान मिळालं, ते पाठमोरं चित्रही तुमच्या सांगण्यावरून परत जोडलं होतं. नांदेडला प्रदर्शन लागलं. तुम्ही स्वच्छ धुतलेला पांढरा सदरा घालून आलात आणि बाकी सगळं सोडून त्या पाठमोऱ्या बाईसमोरच उभे राहिलात. मी जवळ गेले, तर हळूच म्हणालात, "पोरी, हे काय करून ठेवलंस, तुझं तुला तरी कळलं का?" मी हो म्हणून मान हलवली. त्यानंतर दोन वर्षांत तुम्ही गेलात, तेच मनात धरून गेला असाल.

सर, माझी नऊच झाली होती. दहावं काही केल्या होईना, मुदत संपत आलेली. माझ्या फुकट गेलेल्या एका कागदाच्या पाठीमागे आईने एका दुपारी चुलीतल्या कोळशाने आणि गेरूने सहज काहीतरी ओढलं होतं. वेचणीत तिच्यापुढे चालणारी माझी चुलती. आईला सही येत नाही. मी खाली माझं नाव टाकलं आणि आकडा भरायला म्हणून नऊच्या तळाशी सरकवलं, कोण एवढं बघणार म्हणून. पुढची चित्रं माझी आहेत, अगदी शपथेवर माझी. पण ती काढायला मला मोकळं सोडलंत ते आईच्या हाताकडे बघून, आणि मी समजत राहिले की मनातून उतरले म्हणून. नांदेडला आईला नेलं नव्हतं. वेचणीचे दिवस आहेत, तुझा रोज बुडेल, असं मीच तिला सांगितलं.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, तुमच्या घरीही आता कुणी राहत नाही. आई आहे अजून. पोरगी समितीवर आहे म्हणून गावभर सांगत असते. अर्ज गेल्यावर आठवड्याभराने तिने विचारलं होतं, माझा तो कागद कुठं ठेवलास गं, तुझ्या चुलतीला दाखवायचा व्हता. चुलीत गेला, म्हणाले मी.