तळघरातल्या खोलीत कोणाला झोपवू नये

मी, श्रीमती अरुंधती कृष्णकांत वझलवार, वय ७२ वर्षे, निवृत्त शिक्षिका, राहणार रामदासपेठ, नागपूर, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. कलम ६ वाचल्यावर माझ्या मुलाला तो बघावासा वाटेल. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही.

१. माझ्या मागे राहणारी माणसे अशी: मुलगा ऋषी, सून वैदेही, आणि माझ्या दिवंगत पतींची थोरली बहीण कु. प्रेमिला, वय ८१, ज्यांना मी वन्सं म्हणते. वन्संनी लग्न केले नाही. पन्नास वर्षे त्या माझ्या डोक्यावर बसल्या आहेत, हे नोंदवून ठेवते.

२. बँकेतील ठेवी ऋषीला. दागिने वैदेहीला. पाटल्यांचा घाट जुना आहे. मोडून दुसरे काही करावेसे वाटले तर खुशाल करावे.

३. हार्मोनियम माझी भाची कामिनी, राहणार सदर, नागपूर, हिला. १९७५ साली लग्नानंतर महिन्याभरात मी एकदा रियाजाला बसले, तर वन्सं दारात येऊन म्हणाल्या, "काहून गळा काढून राहिली वं? घरच्या सुनेचा आवाज फाटकाबाहेर नाही गेला पाहिजे." पेटी माळ्यावर गेली ती त्रेचाळीस वर्षे तिथेच राहिली. मी हे विसरलेले नाही आणि माफही केलेले नाही. मरताना सगळ्यांना माफ करावे लागते असा कायदा असल्यास वकिलांनी मला दाखवला नाही.

४. तळघराविषयी. २०१८ साली ह्यांनी तिथे सिनेमाची खोली केली. ह्यांना सिनेमा मोठ्या आवाजात लागे. वन्संची खोली नेमकी वर. पहिल्याच दिवशी त्यांनी पलंग थरथरतो म्हणून तक्रार केली. थोरल्या बहिणीसमोर ह्यांची जीभ कधी उचलली नाही, म्हणून पारशिवनीचे ताराचंद मिस्त्री यांना बोलावले. त्यांनी भिंतीच्या आत दुसरी भिंत उभी केली, मधे ग्लासवूल भरले, छत रबरावर टांगले, दाराच्या पोटात वाळू भरली आणि कडेने रबराची पट्टी लावली. "बाई, आवाज पान्यावानी राहते," ते म्हणायचे. "सुईएवढी फट भेटली का निंगून जाते."

काम झाल्यावर दार लावून ताराचंद आत दहा मिनिटे पातेल्यावर हातोडी बडवत होते. वर वन्संनी मला विचारले, "कधी सुरू करणार आहे तो?" निघताना ताराचंद ह्यांना म्हणाले, "साहेब, आत एक घंटी लावून घ्या. आत काई झालं त वर कोनाले समजनार नाई." हे बघू म्हणाले, आणि घंटी राहून गेली.

त्या खोलीत माझी पेटी माळ्यावरून आली. मी पाच वर्षे मोकळ्या गळ्याने गायले, हे खुर्चीत पाय ताणून ऐकत. खोलीने मला हे सुख दिले, तेही नोंदवते. हे दोन वर्षांपूर्वी दवाखान्यात वारले. तेव्हापासून खोली बंद आहे.

५. ह्यांच्या मागे वन्संची स्मृती ढळली. दुपारी तीन वाजले की त्या हाका मारतात, "कृष्णा, आलास का रे?" लहानपणी त्या वेळेला हे शाळेतून यायचे. शेजारी कुरकुरतात. वैदेहीचे ऑफिसचे काम घरूनच चालते, तिची फोनवर पंचाईत होते. मेमध्ये ऋषी म्हणाला, "आई, आत्याचा पलंग खाली नेऊ ना. खाली थंडं राहते, संडास आहे, एसी आहे. ती ओरडली तरी कोणाला त्रास नाही." माझा मुलगा दुष्ट नाही. त्याला ही खरोखर सोय वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी खाली गेले, दार लावून घेतले आणि वैदेहीला हाका मारल्या. घड्याळ लावून पंधरा मिनिटे. मग ताट बडवले. वर आले तर ती टेबलाशी भेंडी चिरत होती. म्हणाली, "आई, कुठे होत्या तुम्ही?" मी नुसता तिच्या डोक्यावरून हात फिरवला. मी फार घाबरले होते.

६. म्हणून: राहते घर ऋषीला, पण वन्संना हयातभर त्यांच्या सध्याच्या, रस्त्याकडे खिडकी असलेल्या खोलीत राहण्याचा हक्क राहील. त्यांचा पलंग तळघरात नेऊ नये. एक दिवसही नाही, पारा सेहेचाळीसवर गेला तरी नाही. खिडकीला कूलर लावावा. ही अट मोडल्यास घर कामिनीकडे जाईल. ती नको म्हणते, पण तशी वेळ आली तर घेईन असे मी तिच्याकडून वदवून घेतले आहे. मी आहे तोवर पलंगाला हात लावायची कोणाची छाती नाही. प्रश्न पुढचा आहे.

७. प्रोजेक्टर, स्पीकर आणि खुर्च्या विकून वन्संसाठी दिवसाची बाई ठेवावी. सगळा भार वैदेहीने का उचलावा? तळघराचे दार ताराचंद यांनी काढून न्यावे. उचलायला चौघे लागतील. ह्यांची ड्रिल मशीन आणि पातळी बघायची पाणसळही त्यांनाच. त्यांना वस्तू मिळणार म्हणून साक्षीदार केलेले नाही.

८. वन्संनी "कृष्णा" म्हणून हाक मारली की घरात जो असेल त्याने ओ द्यावी. सुरुवातीला मी खरे सांगत असे, तर त्या दर वेळी आजच गेल्यासारख्या रडत. आता मी आहे तिथून ओ देते आणि त्या शांत होतात. बाईचा आवाज कसा, असे त्यांनी कधी विचारले नाही. याहून जास्त काही करावे लागत नाही.

पुढील मजकूर हाताने लिहिला आहे. सहीसाठी पेन उचलले तेव्हा तीन वाजून गेले होते. पुढच्या खोलीतून हाक आली. मी तोंड उघडायच्या आत स्वयंपाकघरातून वैदेहीने ओ दिली. तिने हे मृत्युपत्र वाचलेले नाही. मी पेन खाली ठेवले आणि साक्षीदारांना थोडे थांबावे लागले.

तरी कलम ६ मधील अट खोडलेली नाही.

(सही) अरुंधती कृष्णकांत वझलवार

आमच्या डोळ्यांदेखत सही झाली:
१. डॉ. गौरांग पांढरीपांडे (सही)
२. सौ. वंदना जितेंद्र ठवकर (सही)

स्थळ: रामदासपेठ, नागपूर
दिनांक: ११ जून २०२५