साईचं गाडगं

हैदराबाद, २१ डिसेंबर २००४

ती. आजीस तुळजाचा साष्टांग नमस्कार वि. वि.

इथल्या कॉम्प्युटर क्लासात माझं काही खरं नाही. पीएचपी नावाच्या कॉम्प्युटरच्या भाषेत एक नाव ठरवायचं, आधी डॉलरचं चिन्ह लावायचं आणि त्यात आकडा ठेवायचा. त्याला व्हेरिएबल म्हणतात. त्यात मी वर्गाचे गुण एकेक करून मिळवते, पण बेरीज मागितली की शेवटच्या पोराचेच गुण दिसतात. मंगळवारी परीक्षा. नापास झाले तर अप्पा मला घरी आणून येळवसच्या अमावास्येला, सणाला आलेल्या हुलसूरच्या पाहुण्यांना दाखवणार. रडू आवरत नाही. लोभ असू दे.

तुझी तुळजा

संतपूर, २५ डिसेंबर

चि. तुळजाबाईस अनसाबाईचे पोटभर आशीर्वाद.

पत्र बघून लई आनंद झाला. रडायलीस कामून? डॉलर म्हंजी आपण नावाआधी चि. लावतो तसंच की. शेळीला दोन पिल्लं झाली, दोन्ही काळी. येळवसच्या लोण्याला साय साठवायलेय, त्यावरून माझी जाऊ सिद्धव्वा नवी नवरी व्हती तवाचं आठवलं. साईचं गाडगं तिच्याकडं दिलं. रोज साय टाकायची आन् दिवस मावळला की गाडगं राखेनं घासायची. खरकटं ठेवलं तर लक्ष्मी जाती म्हणं. साय मांजरीला. येळवसच्या आदल्या दिशी सासूनं बघितलं, तर गाडग्यात त्याच दिवसाची साय. सासू म्हणली, अगं, घासायचं ते सुरवातीला एकदाच. आम्ही पोट धरून हसलो. तू बी हस, नीट जेव. माया पातळ होऊ देऊ नको.

हैदराबाद, ३० डिसेंबर

ती. आजीस नमस्कार वि. वि.

तुझं पत्र काल आलं, परीक्षा झाल्यावर. मी नापास झाले. पण पत्र वाचलं आणि चूक दिसली. दर पोराच्या वेळी मी बेरीज शून्य करत होते, म्हणजे गाडगं घासत होते. ती ओळ सुरुवातीला नेली, बेरीज बरोबर आली. सर म्हणाले, पुढच्या महिन्यात पुन्हा बस. पण अप्पा गुरुवारी न्यायला येतायत, फोनवर ऐकूनच घेत नाहीत. आजी, घरी आणलं की माझं सगळं पुन्हा शून्य. काहीतरी कर. तुझ्याशिवाय कोणी नाही.

तुझी तुळजा

संतपूर, ४ जानेवारी २००५

चि. तुळजास आशीर्वाद.

तुझा अप्पा पिशवी भरून बसला व्हता. मी सिद्धव्वाला बोलावून त्याच्यासमोर बसवलं. म्हणलं, लेका सिद्धराम, हिनं येळवस बिनालोण्याची केली, तरी हिला माहेरी धाडलं न्हाई. दुसऱ्या दिशी गाडगं हिच्याच हातात दिलं. तो उठला. पिशवी खुंटीला अडकवून रानात गेला. रिकामी मातर केली न्हाई. मी पिशवीवर नजर ठेवून बसलेय, तू परीक्षेवर ठेव. आजीवर लोभ हाय तो वाढता राहू दे.

अनसाबाई