तुझ्या नावानं बोललेला नवस

बख्शी का तालाब,
मंगळवार, १५ जून १९९९

प्रिय चंद्रप्रभा,

वर्षभर तोंड न दाखवलेल्या बाईचं पत्र बघून तू चकित होशील. अक्षर वेडंवाकडं आलंय, कारण मला भीती वाटतेय. तुझ्यापासून काय लपवू? निरंजनला मे महिन्यात कारगिलच्या बाजूला पाठवलं आणि गेले अकरा दिवस त्याचा काही ठावठिकाणा नव्हता. टीव्हीवर शहिदांची नावं सांगायला लागले की मी स्वयंपाकघरात जाऊन नळ मोठा सोडते. दीप्ती पापा कब आएँगे म्हणून विचारते आणि मी तिला मराठीत बोल म्हणून रागावते. सात वर्षांच्या पोरीवर काढायचा राग आहे का हा?

तुम्ही शेजारच्या क्वार्टरमध्ये होतात तेव्हा तू रोज सकाळी बुद्धाच्या मूर्तीपुढे डोळे मिटून बसायचीस आणि मी खिडकीतून तुला चिडवायचे, की चांगली डुलकी काढतेस. तू हसून सांगायचीस, श्वास येतो तो बघायचा, जातो तो बघायचा. भीती आली तर भीती आली एवढंच म्हणायचं, तिच्या मागे धावायचं नाही. मी कुठली ऐकतेय! पण आई गेली तेव्हा मी महिनाभर साताऱ्याला होते आणि निरंजन ड्यूटीवर, तेव्हा माझ्या देवांपुढे रोज दिवा तू लावलास. हात जोडणार नाही, पण तुझा दिवा चुकू देणार नाही, असं तू स्पष्ट सांगितलं होतंस. तेव्हा मला वाटलं, शेजारीण सोयीची मिळाली. तेवढीच माझी अक्कल.

आणि मी काय केलं? तुझ्या उत्कर्षाला टायफॉइड झाला तेव्हा अलीगंजच्या हनुमानाला नवस बोलून आले, की पोर बरी झाली तर तिची आई जेठातल्या, म्हणजे आपल्या ज्येष्ठातल्या, मंगळवारी अनवाणी दर्शनाला येईल. इथल्या बायका बोलतात तसाच. पण पाय तुझे आणि जीभ माझी. तुला विचारायचं डोक्यातही आलं नाही. तू आधी हसलीस, मग शांतपणे नाही म्हणालीस. त्यावर मी तुझ्या दारात उभं राहून म्हणाले, की आता पोरीला काही झालं तर पाप तुझ्या माथी. तुझ्या हातात तिच्यासाठी केलेल्या पेजेची वाटी होती. तू दार लावून घेतलंस. उत्कर्षा बरी झाली, महिन्याभरात राजारामभाऊजींना रेल्वेत नोकरी लागली आणि तुम्ही आलमबागला गेलात. तुमचं सामान टेम्पोत चढत होतं तेव्हा मी पडद्यामागे उभी होते. लाज वाटते सांगायला.

यंदा जेठ लागला आणि निरंजन तिकडे गेला. माझ्या मनानं घेतलं, राहिलेला नवस माझ्याच घरावर उलटला. मागच्या मंगळवारी तुझ्याऐवजी मीच अनवाणी निघाले. बसस्टँडपर्यंत गेले, डांबर पोळत होतं. तिथं उभी असताना वाटलं, तापानं फणफणलेल्या पोरीवर जो डूख धरेल तो मी लहानपणापासून पुजलेला हनुमान नव्हेच. घरी परत आले. माझ्याच देवांपुढे बसून तुझ्यासारखा श्वास बघितला. भीती आली, असं मनात म्हटलं. गेली नाही ती. पण उठून दीप्तीला खिचडी टाकता आली.

आज सकाळी निरोप आला. निरंजन जखमी आहे, जम्मूकडच्या इस्पितळात. पायाला लागलंय म्हणतात, त्यापुढे कुणी काही बोलत नाही. उद्या सकाळच्या गाडीनं मी निघतेय. तुमच्या क्वार्टरमध्ये आता राहणारी गीता दीप्तीला ठेवून घ्यायला तयार आहे, पण ती तिच्यासाठी दहा उपास धरेल आणि पापा एकदम ठीक हैं असं खोटंच सांगेल. तू खोटं सांगणार नाहीस. माझ्या लेकीला तुझ्यापाशी ठेवायचंय. भीतीला भीती म्हणायला तिला शिकव, तिच्या आईला उशिरा आलं. दारात बोलले त्याची माफी मागते, ती तू दे किंवा देऊ नकोस. हे पत्र गीताचे यजमान घेऊन येताहेत, उत्तरासाठी ते थांबतील. या वेळी तुझ्या नावानं मी कुठंच काही बोलून ठेवलेलं नाही. तुला विचारतेय.

तुझीच,
विजया