क्षिप्राच्या ॲम्प्लिफायरची दुरुस्ती

ती. कुमुदताईस,

मयूर विहारहून शांतारामचा वाकून नमस्कार. तुझा गुडघा आता जिना चढू देतो ना? आम्ही तिघं मजेत आहोत. (तुझी भावजय गिरिजा म्हणते, दोघंच मजेत आहेत, तिला गेल्या आठवड्यापासून डाव्या कानाने कमी ऐकू येतंय.) त्याचं कारण सांगायलाच हे पत्र.

तुझी भाची क्षिप्रा मानेसरला मोटारीचे भाग बनवणाऱ्या कारखान्यात इंजिनियर आहे, हे तू सगळ्यांना सांगतेस. ती गिटारवर हेवी मेटल वाजवते, हे कुणाला सांगत नाहीस. कंपनीच्या बसमध्ये शेजारी बसणाऱ्या चौघांचा तो बँड. दोन महिन्यांपूर्वी तिने एक जुना, काचेच्या पेटत्या व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर घरी आणला, आणि ताई, मला गावाकडचं माणूस भेटल्यासारखं झालं. छत्तीस वर्षं मी रेडिओच्या ट्रान्समीटरवर व्हॉल्व्ह सांभाळले. रिटायर झाल्यापासून मात्र घरात मला कुणी बल्बही बदलू देत नाही (एकदाच सबंध मजल्याची वीज गेली होती). आता या ॲम्प्लिफायरमधून आवाज यायचा तो नुसता फाटका, करवतीसारखा. मला वाटलं, पोरगी संकोचाने बोलत नाहीये. ती ड्यूटीवर असताना मी तो उघडला, माझ्या डब्यातले बेताच्या ताकदीचे व्हॉल्व्ह बसवले, दोन ठिकाणी सोल्डरिंग केलं, आणि संध्याकाळपर्यंत आवाज असा निर्मळ केला की त्यावर बातम्या वाचाव्यात. क्षिप्रा आली, एक तार छेडली आणि मटकन खाली बसली. शनिवारी स्पर्धा होती. मी काढला तो बिघाड नव्हताच, तोच आवाज ती वर्षभर शोधत होती. ती चिडली असती तर परवडलं असतं. "इट्स ओके बाबा" म्हणाली आणि जेवली नाही.

मग मीही हट्टाला पेटलो. जन्मभर जी खरखर काढली ती परत घालायला काय लागतं? (लागतं. नुसती वाढवली की चिखल होतो.) तिचे व्हॉल्व्ह परत बसवले आणि तीन संध्याकाळी आम्ही दोघं एकेक बटण घेऊन बसलो. ही पोरं गेन, म्हणजे फाटण्याचं बटण, शेवटपर्यंत नेतात आणि मिड, म्हणजे मधले सूर, शून्यावर ठेवतात. खोलीत भारी वाटतं, पण ड्रम सुरू झाले की गिटार बुडते. मी गेन निम्म्यावर आणला, मिड चढवले, पायाखालच्या पेडलचं स्वतःचं फाटणं शून्यावर ठेवून त्याचा जोर पूर्ण केला. शेवटी व्हॉल्यूम, कारण व्हॉल्व्हला दमवल्याशिवाय तो खुलत नाही. खालच्या मजल्यावरच्या काकू वर येऊन म्हणाल्या, "भाईसाहब, जनरेटर दिखवा लो." इतकी चांगली पावती मला नोकरीतही मिळाली नव्हती. मी त्यांना चहा पाजला.

शनिवारी गुडगावच्या हॉलमध्ये तिसऱ्या रांगेत बसलो. (गिरिजाने दोन्ही कानांत कापूस घातला होता, तरी शेवटी सगळ्यांत आधी उभी तीच राहिली.) काय आवाज, ताई. जाडजूड, आणि तरी प्रत्येक सूर वेगळा कळत होता. दुसरा नंबर आला. क्षिप्राने माइकवर सांगितलं, "टोन पापा का है," आणि दोनशे पोरं माझ्याकडे वळून ओरडली. मला रडू आलं, कबूल करतो. माझं काम आजवर लाखांनी ऐकलं असेल, टाळी कुणी वाजवली नव्हती. परतताना मेट्रोत ॲम्प्लिफायरचं ते धूड मी मांडीवर घेऊन बसलो.

दाजींना नमस्कार सांग.

तुझा धाकटा,
शांताराम

ता. क. आत्या, मी क्षिप्रा. बाबांनी पत्र पोस्ट करायला दिलंय. अच्छा, एक सांगू? त्यांना बिल्कुल बोलू नको. स्टेजवर ॲम्प ऑन करताच बंद पडला. टाइम नव्हता, म्हणून बँडमधल्या धीरजच्या, ॲम्पची नक्कल करणाऱ्या डिजिटल डब्यातून वाजवलं. ॲम्प मागे नुसता उभा होता. पण डब्यावर सेटिंग बाबांचीच लावली, गेन आधा, मिड वर, म्हणजे मी बोलले ते झूठ नाहीये. उत्तरात त्यांची भरपूर तारीफ लिही, प्लीज. रिटायर झाल्यापासून ते पहिल्यांदा इतके खुश आहेत.

आणखी एक ता. क. पत्र दोन दिवस फ्रिजवरच पडून होतं, म्हणून मीच टाकायला निघालो आणि आधी उघडून पाहिलं. पेटलेला व्हॉल्व्ह आणि विझलेला व्हॉल्व्ह मला तिसऱ्या रांगेतून ओळखता येत नसेल, तर मी छत्तीस वर्षं केलं काय? ती वाचणार हे धरूनच पत्र तिच्या हाती दिलं होतं. रविवारी दुपारी ती झोपली असताना फ्यूज बदलून ठेवला. तिला वाटतंय, तिने वायर हलवली म्हणून चालू झाला. यातलं काही तिला कळवू नकोस. तारीफ मात्र ती म्हणते तशी लिही, ठळक अक्षरात. चष्मा सापडत नाही म्हणून मी ती तिलाच मोठ्याने वाचायला लावणार आहे.