मॉनिटरची पिवळी तार

मी, दीक्षा रामजी पाईकराव, वय एकोणतीस, अविवाहित, व्यवसाय वैद्यकीय यंत्रांची दुरुस्ती, राहणार हिंगोली, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. मन ठिकाणावर आहे. माझे हृदय जन्मापासून संथ चालते. गेली नऊ वर्षे छातीत बसवलेला पेसमेकर ते मिनिटाला सत्तर ठोक्यांवर ठेवतो. त्याची बॅटरी संपत आली आहे, हे मी आधी स्वतः छातीवर चुंबक ठेवून, त्याने बदललेला ठोक्यांचा वेग मोजून तपासले; डॉक्टरांनी नंतर तेच सांगितले. सोमवारी नागपूरला तो बदलायचा आहे. जुना काढून नवा जोडेपर्यंत जो थोडा वेळ जातो, त्यात माझे हृदय आपले आपण चालेल याची खात्री नाही. म्हणून ही व्यवस्था. परत आले तर हा कागद मीच फाडीन.

१. घरातील माझा हिस्सा व पोस्टातील शिल्लक आई पंचफुला हिला द्यावी. ती नको म्हणेल. तिचे ऐकू नये.

२. स्टेशन रोडवरील माझे दुकान, ऑसिलोस्कोप व सोल्डरिंगची सर्व हत्यारे पुजा प्रेमदास आडे हिला द्यावीत. पुजा साखरा गावाजवळच्या तांड्यावरची. चार वर्षे माझ्या हाताखाली शिकली. दुकान माझी धाकटी बहीण ऐश्वर्या हिचे पती रत्नपाल खिल्लारे यांच्या नावे करावे, असे बाबांचे म्हणणे होते. मी नको म्हणाले.

"काहून न्हाई? घरातलंच हाय ना," बाबा म्हणाले.

"घरातलं एकदा दिलंय," मी म्हणाले.

रत्नपाल यांना या मृत्युपत्राने काहीही मिळणार नाही. हे विसरून राहिलेले नाही.

३. माझ्यावर बौद्ध पद्धतीने, त्रिशरण पंचशील म्हणून अग्निसंस्कार करावा. परंतु त्याआधी छातीतला पेसमेकर काढलाच पाहिजे. आत लिथियमची बॅटरी आणि बाहेर टायटॅनियमचे बंद कवच असते. आगीत ते फुटते. पुजाच्या तांड्यावरचे हिरासिंग गेले तेव्हा हे कोणाला माहीत नव्हते. चितेत बार उडाला आणि माणसे सोयाबीनच्या रानात पळाली. त्यांच्या पत्नी पेमाबाई तेवढ्या जागच्या हलल्या नाहीत. "म्हातारा जाता जाता बी फटाका वाजवून गेला," असे त्यांनी मला नंतर सांगितले.

काढलेला पेसमेकर नवा असेल, तर तो डॉक्टरांकडे द्यावा. निर्जंतुक करून, ज्याला विकत घेणे जमत नाही अशा रुग्णाला बसवता येतो. तो काढण्याचे काम रत्नपाल यांनी करू नये. ते हिंगोलीतल्या एका खाजगी दवाखान्यात ऑपरेशन थिएटरचे तंत्रज्ञ आहेत, त्यांचा हात चांगला आहे, आणि सगळे त्यांनाच बोलावतील. बोलावू नये. माझ्या हृदयाची चौकशी त्यांनी जिवंतपणी केली नाही.

४. माझ्या पदविकेच्या वेळी घेतलेली हिरवी साडी ऐश्वर्याकडे आहे. एका लग्नापुरती नेली होती. परत मागू नये. तिला ती जास्त शोभते, हे मला कोणी सांगण्याची गरज नाही.

५. दुकानातील जुना पेशंट मॉनिटर ऐश्वर्याला द्यावा. याचे कारण लिहिणे आवश्यक आहे.

दुरुस्त केलेले यंत्र माणसाला लावून पाहिल्याशिवाय द्यायचे नाही, ही माझी पद्धत. माझ्यावर ते लावून उपयोग नाही. पेसमेकरमुळे प्रत्येक ठोक्याआधी पडद्यावर एक उभी रेघ उमटते. म्हणून ऐश्वर्या स्टुलावर बसायची. १९९९ मध्ये हा मॉनिटर रत्नपाल यांनीच दुरुस्तीला आणला होता. त्याआधी दोन वर्षे ते यंत्रे घेऊन येत होते, काम संपल्यावरही बसून राहत होते. मी त्याचा एक अर्थ लावला होता.

त्या दिवशी ऐश्वर्याला इलेक्ट्रोड चिकटवले. मॉनिटर सावकाश टिकटिक करत होता. रत्नपाल दारात आले आणि टिकटिक धावू लागली. ऐश्वर्या खाली बघत होती.

"मॅडम, मशीन बराबर झाली का न्हाई? लई पळून राहिली," ते हसून म्हणाले.

"मशीन बराबर आहे," मी म्हणाले.

ते दारात आल्यावर माझ्या छातीतही काही झाले असेल. ठोके सत्तरच राहिले. ते यंत्र माझ्यावर लावले असते तरी कोणाला काही कळले नसते.

पुढल्या वर्षी त्यांचे लग्न झाले. आधी बाबांनी मला विचारले होते, "तुला काई तकलीफ न्हाई ना?" मी नाही म्हणाले. तेव्हापासून रत्नपाल मला ताई म्हणतात.

दवाखान्याने मॉनिटर भंगारात काढला तेव्हा मी तो विकत घेतला आणि आवाजाची पिवळी तार कापली. तो चालू आहे. फक्त दिसते, ऐकू येत नाही.

काल ऐश्वर्या आली होती. "ताई, नागपूरला मी येऊ?"

"नको. आई आहे."

"आईला लिफ्टची भीती वाटती. ह्यांना धाडू का?"

"नको."

मग ती डब्यात शेंगदाण्याची चटणी भरत म्हणाली, "धाडलं तर पळत येतील. घरी बी तूच असती त्यांच्या तोंडी. ताईनं असं केलं, ताईला इचारून येतो. मला कोन इचारतं? मी नुसती स्टुलावर बसनारी." डब्याचे झाकण तिला लागत नव्हते. मी लावून दिले.

तिचे म्हणणे खरे की खोटे, ते तपासण्याची माझ्याकडे सोय नाही. पिवळी तार जोडायची की नाही, हे तिने ठरवावे. पुजा जोडून देईल.

६. नवा पेसमेकर चालण्याबरोबर ठोके वाढवतो. आत एक स्फटिक असतो, त्याला शरीराची हालचाल कळते. जिना चढला की वाढतील. कोणी दारात आल्याने वाढणार नाहीत. माहितीपत्रक मी दोनदा वाचले आहे.

७. साक्षीदारांविषयी. ज्याला मृत्युपत्रातून काही मिळायचे आहे त्याला साक्षीदार करू नये, असा रिवाज आहे. रत्नपाल यांना काही मिळत नसल्याने ते चालतात. साक्षीदाराने मजकूर वाचायचा नसतो. सही होताना माझ्याकडे पाहायचे असते. वरच्या मजकुरावर मी पुठ्ठा ठेवणार आहे. तो उचलण्याची वेळ आली, तर मी तिथे नसेन.

ठिकाण : हिंगोली
दिनांक : १८ नोव्हेंबर २००४

सही : दीक्षा रामजी पाईकराव

साक्षीदार, ज्यांच्या समक्ष वरील सही झाली :
१) भावसिंग, मोटार वाइंडिंगवाले, शेजारचे दुकान
२) रत्नपाल खिल्लारे